मार्कर जागचे हलत नाहीत : रग्बीत कौशल्य आणि निर्णय एकत्र कसे शिकवावेत

प्रशिक्षक म्हणून पहिला हंगाम मी मार्करच्या भरवशावर काढला. मैदानावर मार्कर मांडायचे, पोरांनी पाच पावलं पळायचं, पास द्यायचा, पुढच्याने झेलून पुन्हा पाच पावलं, पुन्हा पास. दीड महिन्यात पास इतके सफाईदार झाले की येणारेजाणारे थांबून बघायचे. मग पहिला सामना आला. दुसऱ्याच मिनिटाला आमच्या सेंटरच्या (मधल्या खेळाडूच्या) हातात बॉल, बाहेर विंगर (कडेचा खेळाडू) मोकळा, दोघांसमोर एकच बचावपटू. म्हणजे ट्राय, पलीकडच्या रेषेवर बॉल टेकवून मिळणारे गुण, खिशातच. सेंटर पाच पावलं पळाला आणि पास दिला. हात, मनगट, फिरकी, नाव ठेवायला जागा नाही. बचावपटू तेव्हा आठ-दहा मीटर लांब होता. त्याला सेंटरकडे जायची गरजच उरली नाही. तो निवांत बाहेर सरकला आणि विंगरला साइडलाइनपलीकडे ढकलून परत फिरला.

सामन्यानंतर मी सेंटरला विचारलं, "एवढ्या लवकर का दिलास?"

"पाच पावलं झाली की द्यायचा ना, सर?"

मी शिकवलेलं त्याने तंतोतंत केलं होतं. त्यामुळे रागवायला तोंड नव्हतं.

त्यानंतर मी सरावाची मांडणी मुळापासून बदलली. आधी कौशल्य पक्कं करू, निर्णय नंतर शिकवू, हा क्रमच सोडून दिला. समोरच्याकडे बघणं हा पासचाच भाग आहे. तो वेगळा काढून शिकवला की पुन्हा जोडता येत नाही. नव्याने शिकवायला उभे राहणार असाल तर पुढचा क्रम वापरून बघा. पास मागे किंवा सरळ बाजूला द्यायचा, पुढे नाही, टॅकल झालेल्याने, म्हणजे ज्याला धरून खाली पाडलं त्याने, बॉल सोडायचा, एवढे नियम तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालतो.

१. मैदानावर जाण्याआधीची तयारी

साहित्य फार लागत नाही, पण कमी बॉलवर सराव घेऊ नका. सोळा पोरं आणि दोन बॉल म्हणजे चौदा जण उभे. तीन-चार जणांमागे एक बॉल हवाच. आकार वयानुसार: सहा ते नऊ वर्षांसाठी ३ नंबर, दहा ते चौदासाठी ४ नंबर, पंधराच्या पुढे ५ नंबर. लहान हातात ५ नंबर दिला की मूल बॉल छातीशी कवटाळून धरतं आणि ती खोड वर्षानुवर्षं सुटत नाही. हवा ९.५ ते १० पीएसआय. ढिला बॉल झेलायला सोपा वाटतो आणि तोच लबाड असतो: सामन्यातला टणक बॉल हातातून उसळतो.

बाकी यादी:
- दोन रंगांचे मार्कर, पंचवीस-तीस
- दोन रंगांची बिब्स
- टॅकल बॅग एक, शील्ड म्हणजे हातात धरायच्या गाद्या दोन (नसल्या तरी अडत नाही)
- शिट्टी, घड्याळ, वही
- प्रथमोपचार पेटी, बर्फ, पाणी
- प्रत्येकाचं माउथगार्ड. ते नसेल तर टॅकलच्या सरावात त्याला उतरवायचं नाही, कितीही गयावया केली तरी

कागदपत्रंही हवीत आणि नवे लोक नेमकी इथेच टाळाटाळ करतात. अठराखालच्या मुलांच्या पालकांचं लेखी संमतीपत्र. प्रत्येकाची आरोग्याची माहिती: दमा, फिट्स, ॲलर्जी, आधी डोक्याला मार लागला आहे का, लागला तर कधी. तातडीच्या संपर्काची यादी. ती कागदावर छापलेली ठेवा, फोनची बॅटरी नको तेव्हाच संपते. हजेरीची वही. आणि तुमचं स्वतःचं शिक्षण: जागतिक संघटना वर्ल्ड रग्बी हिचे सुरक्षितता आणि डोक्याच्या दुखापतीवरचे प्राथमिक अभ्यासक्रम ऑनलाइन आणि मोफत आहेत. ते पूर्ण केल्याशिवाय टॅकल शिकवायला हात लावू नका. तिथेच 'ॲक्टिव्हेट' नावाचा दुखापती टाळण्यासाठीचा व्यायामसंचही मिळतो. वॉर्म-अपला तोच घ्या, मैदानाला फेऱ्या मारायला लावण्यापेक्षा कितीतरी बरा.

२. हातात बॉल, पण डोळे वर

पहिल्या सत्रापासूनच कौशल्यासोबत काहीतरी बघायला लावा, अगदी क्षुल्लक का असेना.

दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखा. आठ जण, तीन बॉल, सगळे वाट्टेल त्या दिशेने चालताहेत. चालता चालता पास. झेलणाऱ्याने हात आधीच पुढे काढून ठेवायचे, बोटं पसरलेली, तळवे बॉलच्या दिशेला. देणाऱ्याने बॉल दोन्ही हातांत धरायचा, शरीरासमोरून फिरवायचा आणि सोडल्यावर बोटं जिथे बॉल पाठवला तिकडे रोखलेली राहिली पाहिजेत. फिरकीचा पास सध्या विसरा. पोरांना तो लगेच हवा असतो कारण टीव्हीवर तोच दिसतो. पण जवळच्या पासला त्याची गरज नसते आणि तो झेलायला अवघड जातो.

दोन मिनिटांनी पळत. मग चौकोनात दोघांना बॉलशिवाय सोडा. त्यांनी फक्त मध्ये मध्ये यायचं, बॉल हिसकावायचा नाही. एवढ्यानेच चित्र बदलतं. आता पास देण्याआधी मान वर करावी लागते. मग तुम्ही चौकोनाबाहेर फिरत हाताची बोटं वर करा आणि बॉल हातात असलेल्याने पास देण्याआधी आकडा ओरडायचा. गंमत म्हणून ठीक आहे, पाच मिनिटांच्या वर ताणू नका. बोटं मोजणं म्हणजे बचावपटू वाचणं नव्हे.

३. दोनास एक : इथे मुक्काम करा

माझ्या मते रग्बीतलं अर्धं हल्लाशास्त्र या एका ड्रिलमध्ये आहे. मी अजूनही मोठ्या खेळाडूंकडून दर आठवड्याला करून घेतो.

जागा: पंधरा मीटर लांब, दहा मीटर रुंद. एका टोकाला दोन हल्लेखोर, दुसऱ्या टोकाला एक बचावपटू. पलीकडच्या रेषेवर बॉल टेकवला की ट्राय. दोन्ही हातांनी स्पर्श झाला की हल्ला संपला.

बॉल हातात असलेल्याचं काम पास देणं नाही. बचावपटूला स्वतःपाशी अडकवून ठेवणं हे त्याचं काम. पास हा त्याचा शेवट. त्यासाठी सरळ पळायचं, त्यातही बचावपटूच्या आतल्या खांद्यावर, म्हणजे साथीदाराच्या विरुद्ध बाजूच्या खांद्यावर. तिकडे गेलं की बचावपटूला वळावं लागतं आणि बाहेरची जागा उघडते. नवशिके नेमकं उलट करतात: घाबरून साथीदाराच्या दिशेला तिरके पळतात. मग दोघांची जागा एक होते आणि एकटा बचावपटू दोघांना साइडलाइनकडे हाकत नेतो, गुरं हाकावीत तसा.

पास कधी? बचावपटूचं पाऊल तुमच्याकडे पडलं आणि आता त्याला वळून बाहेर जाणं शक्य नाही, तेव्हा. अंतरात सांगायचं तर साधारण दोन ढांगा आधी. पण हा आकडा पोरांना सांगू नका. मी सांगितला होता. पाच पावलांच्या जागी दोन ढांगा मोजणं सुरू झालं. त्याऐवजी विचारा, "त्याचा पाय कुठे पडला?" उत्तर देता आलं तर त्याने पाहिलं आहे.

साथीदारानेही फक्त वाट बघत राहायचं नाही. चार-पाच मीटर बाहेर आणि दोन-तीन मीटर मागे. बॉल सुटल्यावर वेग घ्यायचा, म्हणजे झेलताना तो भरधाव असतो. फार पुढे आला तर थांबून झेलावं लागतं किंवा पास पुढे जातो. शिट्टी वाजते आणि दोष पास देणाऱ्यावर येतो, चूक मात्र साथीदाराची असते.

आता पायऱ्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची:

पहिली: बचावपटू फक्त मधल्या रेषेवर डावी-उजवीकडे सरकतो, पुढे येत नाही.

दुसरी: तो पुढे येतो, पण चालत.

तिसरी: पूर्ण वेगाने, आणि काय करायचं ते तोच ठरवतो. बॉलवाल्यावर धावून यायचं की बाहेरच्याला झाकायचं. इथपासून खरा खेळ सुरू. बाहेरच्याला झाकलं असेल तर बरोबर उत्तर पास नाहीच. पास दिल्यासारखं करायचं आणि स्वतः घुसायचं. पोरांना हे पहिल्यांदा उमगतं तो क्षण बघण्यासारखा असतो. एका लाजाळू मुलीने माझ्यासमोर सलग अकरा वेळा पास दिला होता. बाराव्या वेळी बचावपटू बाहेर सरकलेला तिने पाहिला, बॉल तसाच दाबून धरला आणि सरळ रेषा गाठली. टेकवून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "चालतं ना असं?"

चौथी: हल्लेखोर पालथे झोपलेले किंवा पाठ करून उभे. बॉल तुम्ही लोळवत टाकायचा. बचावपटू तीनपैकी कुठल्याही मार्करपासून निघतो. उठून, वळून आधी बघायचं, मग ठरवायचं.

पाचवी: मागून तीन मीटरवर दुसरा बचावपटू पाठलागावर. आता विचार करायला वेळ नाही.

पुढच्या पायरीवर कधी जायचं? माझा अंदाजाचा हिशेब असा: दहापैकी आठ वेळा ट्राय होऊ लागला तर अवघड करा, पाचच्या खाली आला तर सोपं करा. अवघड-सोपं करायला सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे जागा. रुंदी दोन मीटरने कमी करा, बचावपटू आपोआप बलवान होतो. नव्या ड्रिलच्या शोधात रात्री जागण्यापेक्षा मार्कर दोन पावलं हलवणं बरं.

इथली घोडचूक: बचावपटू म्हणून तेच तेच दोघं उभे करणं, किंवा दमलेल्याला "तू जरा बचावाला थांब" म्हणणं. अर्धवट मनाच्या बचावपटूसमोर शिकलेला निर्णय खोटा असतो. बचावाला गुण द्या, हल्ल्याला द्याल तेवढेच.

४. तिनास दोन : बचाव वाचायला शिकवणं

रुंदी वीस मीटर, लांबी वीस-पंचवीस. आता समोर दोघं आहेत, म्हणजे त्यांच्यात संगनमत आहे. ढोबळमानाने बचाव दोन तऱ्हेचा: अंगावर धावून येणारा आणि बाहेर सरकत जाणारा.

तुम्ही हल्लेखोरांच्या पाठीमागे उभे राहा आणि बचावपटूंना बोटांनी खूण करा. एक बोट, धावून या; दोन बोटं, सरकत जा. हल्लेखोरांना खूण दिसत नाही, त्यांना समोरून काय येतंय ते वाचायचं आहे.

बचाव सरकतोय तर आतली जागा उघडी पडते. बॉलवाल्याने स्वतः जायचं किंवा आत येणाऱ्याला छोटा पास. बचाव अंगावर येतोय तर बाहेर आणि मागे जागा आहे. तिथे आधीपासून खोल उभं राहिलेल्यांनाच वेळ मिळतो, बॉल पटपट हातोहात गेला पाहिजे. वाचायचं कुठे? चेहऱ्याकडे नाही, चेहरा फसवतो. कंबर आणि पाय. कंबर साइडलाइनकडे वळलेली असेल तर तो सरकणार. बाहेरच्या बचावपटूची नजर बॉलवर चिकटली असेल तर त्याच्या पाठीमागचा माणूस मोकळा आहे.

हे जमलं की चारास तीन करा. मग चौथा बचावपटू बाजूच्या रेषेवर उभा करून दोन-तीन सेकंदांनी आत सोडा. दिसलेली संधी मिटत जाते, हे इथे कळतं. बॉल पडला तर ड्रिल थांबवायचं नाही. ज्याने उचलला त्याचा हल्ला. हा एक नियम पहिल्या दिवसापासून लावला असता तर माझा एक अख्खा हंगाम वाचला असता.

५. टॅकल : इथे घाई नाही

ह्या एका ठिकाणी मी निर्णय थोडा बाजूला ठेवतो. आधी शरीर सुरक्षित, मग बाकी सगळं.

सर्वांत आधी पडायला शिकवा. गुडघ्यावर बसून कडेला पडायचं: मांडी, कुल्ला, खांदा या क्रमाने. हनुवटी छातीकडे, बॉल दोन्ही हातांत. हात टेकवून पडणं ही उपजत सवय. त्यातच मनगट आणि खांदा जातो. ती मोडायला एक-दोन सत्रं लागली तरी चालतील.

जोड्या वयावर नको, वजन आणि अनुभव बघून लावा.

पहिली पायरी, दोघंही गुडघ्यांवर. टॅकल करणारा बाजूने येतो. डोळे उघडे, हनुवटी वर, पाठ सरळ. खांदा साथीदाराच्या कमरेखाली, गाल त्याच्या कुल्ल्याच्या मागच्या बाजूला चिकटलेला, दोन्ही हातांनी घट्ट मिठी. डोकं कधीही त्याच्या पुढे आडवं जाता कामा नये. डोकं चुकीच्या बाजूला गेलं की पडताना ते शरीराखाली सापडतं, किंवा गुडघ्याचा फटका बसतो. मी सरावात एकच वाक्य घोकून घेतो: "डोकं पाठीमागे, गाल कुल्ल्याला." पोरं आधी हसतात. हसू द्या, लक्षात राहतं.

दुसरी, टॅकल करणारा एका गुडघ्यावर, बॉलवाला चालत शेजारून जातो. तिसरी, टॅकल करणारा अर्धा बसलेला. चौथी, दोघं उभे, बॉलवाला चालत. पाचवी, हलक्या धावेत, पाच मीटर रुंद पट्ट्यात. प्रत्येक पायरीवर डावा खांदाही उजव्याइतकाच. दुबळ्या खांद्याने टॅकल टाळायला खेळाडू नकळत डोकं चुकीच्या बाजूला नेतो, आणि अपघात तिथेच होतो.

सहाव्या पायरीला निर्णय परत आणा: बॉलवाला डावीकडे किंवा उजवीकडे हुलकावणी देऊ शकतो. टॅकल करणाऱ्याने आधी झपाट्याने अंतर कमी करायचं, मग जवळ आल्यावर पावलं बारीक करायची. किंचित आतल्या बाजूला राहायचं, म्हणजे बॉलवाल्याला एकच वाट उरते आणि कुठला खांदा लागणार हे आधीच ठरतं. लांबून सूर मारणाऱ्याला कौतुकाने टाळ्या देऊ नका. पाय जवळ आणल्याशिवाय खांदा पोचत नाही.

उंचीचा नियम: खांद्याच्या रेषेच्या वर टॅकल बेकायदा आहेच. अनेक देशांनी हौशी पातळीवर ही रेषा आणखी खाली, छातीच्या मधल्या हाडापर्यंत आणली आहे. तुमच्या संघटनेचा चालू नियम वाचा आणि त्याच उंचीवर शिकवा.

डोक्याला मार लागल्याची शंका आली (डोकं दुखणं, भांबावणं, तोल जाणं, मळमळ, आत्ता काय झालं ते न आठवणं, यांतलं काहीही) तर खेळाडू त्या क्षणी बाहेर, त्या दिवशी परत नाही. तो "मी बरा आहे" म्हणणारच. डॉक्टरांना दाखवायचं आणि परतीच्या ठरलेल्या टप्प्यांनीच खेळात आणायचं. मऊ टोपीने हे टळत नाही. तिने कान आणि कातडी वाचते, आतला मेंदू हिंदकळायचा थांबत नाही.

एका सत्रात पूर्ण ताकदीचे टॅकल मोजकेच. दमलेल्या शरीराचं तंत्र बिघडतं, म्हणून हा भाग सत्राच्या शेवटी कधीच ठेवू नका.

६. रक : पहिला पोचणारा काय करतो

टॅकल झाला, बॉल जमिनीवर आहे. त्यावर दोन्ही संघांचे खेळाडू उभ्याने एकमेकांना ढकलतात, तो रक. तिथे पहिला पोचणाऱ्या साथीदाराला साधारण एक सेकंद मिळतो. नवशिक्यांचा संघ ओळखायची खूण म्हणजे या क्षणी चार जण एकदम ढिगाऱ्यात उडी मारतात आणि बाहेर खेळायला कोणी उरत नाही.

पर्याय तीनच. बॉल मोकळा आहे आणि समोर वाट आहे: उचल आणि पळ. विरोधक बॉलवर वाकायला येतोय: त्याला हटव. कोणी जवळ नाही पण वाटही नाही: बॉलवर पाय रोवून उभा राहा, मागचा येऊन पास देईल.

ड्रिल असं: एक जण बॉल घेऊन खाली पडतो, अंग वळवून हात लांबवून बॉल आपल्या बाजूला ठेवतो. साथीदार तीन मीटर मागे, त्याच्या मागे तिसरा. समोर दोन बचावपटू. तुम्ही खुणेने ठरवता की कोणी यायचं नाही, एकाने यायचं, की दोघांनी. पहिल्याने बघायचं, एक पर्याय निवडायचा, तिसऱ्याने त्याच्यावरून आपलं काम ठरवायचं. शील्ड देऊन सुरुवात करा, चालीच्या वेगात.

दोन नियम सतत डोक्यात ठेवा. आत यायचं ते आपल्या बाजूच्या शेवटच्या पायामागून, कडेने नाही. आणि डोकं-खांदे कमरेच्या खाली जाता कामा नयेत. पायांवर उभं राहूनच ढकलायचं. दुसरा नियम शिट्टीपेक्षा मानेसाठी महत्त्वाचा आहे.

७. छोटे सामने, वाकडे नियम

प्रत्येक सत्राचा निदान एक तृतीयांश वेळ छोट्या सामन्याला द्या. सहास सहा, चाळीस बाय तीस मीटर, टच रग्बी, म्हणजे टॅकलऐवजी नुसता स्पर्श. नियम थोडा वाकवला की जे शिकवायचं ते खेळच शिकवतो.

माझा आवडता नियम: ज्याने स्पर्श केला त्याने आपल्या ट्रायच्या रेषेला हात लावूनच परत यायचं. काही सेकंद बचावात एक माणूस कमी. हल्ला करणाऱ्यांनी ते हेरलं पाहिजे. कुठे भोक पडलंय, लगेच बॉल तिकडे. पहिल्या दिवशी कोणालाच दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या सत्रात कोणीतरी ओरडतं, "डावीकडे! तिकडे एकच आहे!" त्या ओरडण्यासाठी एवढा खटाटोप.

आणखी काही: कडेच्या पाच मीटर पट्ट्यातून झालेल्या ट्रायला दुप्पट गुण, बॉल रुंदीला नेण्याची सवय लागते. स्पर्शानंतर तीन सेकंदांत बॉल निघाला पाहिजे, रेंगाळणं थांबतं. बचावाचा एक माणूस मागे ठेवायची सक्ती आणि हल्ल्याला एक किक मोकळी. मग तो मागचा पुढे धावला की किक, मागे थांबला की हातांनी, हा निर्णय आपसूक सुरू होतो. एका वेळी एकच वाकडा नियम. दोन घातलेत तर पोरं खेळ सोडून नियमांवर भांडत बसतात.

८. तुमचं तोंड

सर्वांत अवघड ड्रिल प्रशिक्षकाचं असतं: गप्प राहायचं.

कडेला उभं राहून "पास! पास दे!" ओरडलात की निर्णय तुम्ही घेतलात. खेळाडूने फक्त आज्ञा पाळली. सामन्यात तुमचा आवाज पोचत नाही, आणि पोचला तरी उशिरा पोचतो.

चूक झाल्यावर "का दिलास?" विचारू नका. "का" ऐकलं की पोरगं बचावाच्या पवित्र्यात जातं. "काय दिसलं?" विचारा. बरेचदा कळतं की निर्णय दिसलेल्यावरून बरोबरच होता, फक्त नजर अपुरी फिरली होती. किंवा निर्णय बरोबर, हात फसले. या दोन दुखण्यांना औषधं वेगळी. पहिल्याला दोनास एकची चौथी पायरी, दुसऱ्याला चार-पाच पास बाजूला नेऊन.

थांबवायचंच असेल तर "जागेवर!" म्हणा, सगळे थिजतील, वीस सेकंदांत एक प्रश्न विचारा आणि खेळ सुरू. पाच मिनिटांचं भाषण थंडीत शरीर आखडवतं आणि मनही.

९. पंचाहत्तर मिनिटांचा आराखडा

- १५ मिनिटं: वॉर्म-अप आणि भाग २ चा चौकोन
- १५ मिनिटं: टॅकल किंवा रक, अंग गरम पण ताजं असताना
- १५ मिनिटं: दोनास एक किंवा तिनास दोन
- २५ मिनिटं: वाकड्या नियमाचा छोटा सामना
- ५ मिनिटं: अंग सैल करणं, दोन प्रश्न, दुखापतींची विचारपूस

रांगेत तीनपेक्षा जास्त जण उभे दिसले की शेजारी दुसरा चौकोन आखा. नवशिक्यांसोबत पहिले तीन-चार आठवडे टॅकलच्या जागी पडण्याचा सराव आणि टच रग्बीच घ्या. पालक विचारतील "खरं रग्बी कधी?" विचारू द्या.

सामन्याच्या दिवशी वहीत गुण मांडत बसू नका. संघाला समोरच्यांपेक्षा एक माणूस जास्त असण्याची संधी किती वेळा मिळाली आणि त्यातल्या किती वेळा कोणाला ती दिसली, एवढ्या दोन रेघा ओढा. शेजारी, न दिसलेल्या वेळी बॉल कोणाकडे होता ते लिहा. पुढच्या सत्रात दोनास एकच्या चौकोनात आधी त्यांनाच उभं करायचं, आणि पावलं मोजू द्यायची नाहीत.